‘रीडिंग जुळत नाही’ याला गुण द्या

मा. अध्यक्ष व सर्व सदस्य,
विद्युत अभियांत्रिकी अभ्यास मंडळ यांस,

सप्रेम नमस्कार.

प्रथम वर्षाच्या बेसिक इलेक्ट्रिकलचा अभ्यासक्रम पुन्हा बदलायला घेतलाय, असं कळलं. असे बदल दर काही वर्षांनी होतच असतात. युनिटं वरखाली होतात, क्रेडिटचे आकडे बदलतात, एखादं प्रमेय जातं, एखादी बॅटरी येते. प्रॅक्टिकलची यादी मात्र जुन्या पानावरून नव्या पानावर जशीच्या तशी उतरते. या खेपेला तसं होऊ नये म्हणून हे पत्र.

मी शिकवत नाही. एका इंजिनीअरिंग कॉलेजात या विषयाच्या लॅबमध्ये सहायक आहे, डिप्लोमा केलेला माणूस. वायरी मोजून देणं आणि मोजून परत घेणं, मीटरचे उडालेले फ्यूज बदलणं, सप्लायची नॉब निखळली तर दुसरी बसवणं आणि बॅच चालू असताना टेबलांमधून फिरणं हे माझं काम. सर फळ्याशी असतात, मी टेबलाशी. त्यामुळे मुलं आपसांत काय बोलतात ते मला ऐकू येतं. आणि सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य म्हणजे, ‘‘अरे, रीडिंग जुळत नाहीये. त्याची फाइल आण.’’

माझी मागणी या वाक्याबद्दल आहे. प्रॅक्टिकलचे गुण आज जुळलेल्या उत्तराला मिळतात. ते तसे देऊ नका. मुलानं मीटरवर जे पाहिलं तेच लिहिलं आणि हिशेबापेक्षा ते वेगळं का आलं हे चार ओळींत सांगितलं, तर गुण त्याला द्या. मंडळानं एवढं एक ठरवलं, की यादी, किट, परीक्षा या बाकीच्या गोष्टी त्याच्यामागून आपोआप बदलाव्या लागतील.

आता जर्नल कसं तयार होतं ते सांगतो, कारण बैठकीच्या टेबलावरून ते दिसत नसावं. बॅच वीस-बावीस जणांची, टेबलं चार. म्हणजे एका टेबलावर पाच जण. एक जण जोडणी करतो, बहुतेक तोच तो, ज्यानं बारावीच्या सुट्टीत घरचा मिक्सर उघडलेला असतो. एक जण मीटरकडे बघतो. एक जण लिहितो, आणि अक्षर चांगलं म्हणून लिहायचं काम हटकून मुलीच्या गळ्यात पडतं. उरलेले दोघं फोनवर. लिहिणारीनं वर्षभरात एकदाही प्रोब हातात धरलेला नसतो, आणि फाइल मात्र टेबलावरच्या पाचही जणांची तिच्या कागदावरून उतरवलेली असते. सबमिशनच्या आठवड्यात तर तेही नाही. सीनियरची फाइल येते, झेरॉक्स निघतात, आणि ‘ऑब्झर्व्हेशन टेबल’ भरला जातो.

पोरं लबाड आहेत म्हणून हे होतं, असं म्हणणं सोपं आहे. मला ते पटत नाही. सीनियरची फाइल चालते, कारण आकडे दर वर्षी तेच असतात. आणि ते तेच असतात, कारण आपण किट घेतली आहेत. प्लायवूडच्या पेटीवर पांढरा पत्रा, त्यावर सर्किटचं चित्र छापलेलं, चित्राच्या मागे रेझिस्टर आधीच सोल्डर केलेले, वर फक्त सॉकेट. मुलानं दोन पॅच कॉर्ड खुपसायच्या आणि आकडा वाचायचा. आर वन एक किलोओहम, आर टू दोन पूर्णांक दोन किलोओहम, आर थ्री अमुक. पेटी घेतली त्या दिवशी जे उत्तर आलं तेच आजही येतं. अशा पेटीवर फाइल उतरवून न काढणारा मुलगा विरळाच. त्याला मोजून नवीन काय मिळणार?

याच्या उलट एकदा काय झालं ते सांगतो, म्हणजे मला काय म्हणायचंय ते कळेल.

किटची पेटी बंद पडली होती. सरांनी त्या बॅचला ब्रेडबोर्ड (सोल्डर न करता वायरी खोचायची भोकांची पाटी) दिले आणि व्होल्टेज डिव्हायडर करा म्हणाले. म्हणजे नऊ व्होल्टची बॅटरी आणि एकासारखे एक दोन रेझिस्टर एकापाठोपाठ. डब्यात हाताला लागले ते रेझिस्टर होते दहा लाख ओहमचे, म्हणजे एक मेगाओहमचे. मुलांनी हिशेब केला. दोन्ही सारखे, तेव्हा नऊचे निम्मे, प्रत्येकावर साडेचार व्होल्ट. मग तो नेहमीचा पिवळा स्वस्त मल्टिमीटर लावला. पहिल्या रेझिस्टरवर तीन व्होल्ट. दुसऱ्यावरही तीन. बॅटरीवर लावला तर पूर्ण नऊ.

तीन आणि तीन सहा, आणि बॅटरी नऊची. किरचॉफचा व्होल्टेजचा नियम, म्हणजे एका वेटोळ्यातल्या भागांवरचे व्होल्ट मिळून बॅटरीइतकेच भरतात हा, फळ्यावर अजून पुसलेलाही नव्हता. टेबलाभोवती बॅचची सगळी पोरं गोळा झाली. एकानं रेझिस्टर बदलले, तरी तेच. एकानं बॅटरी बदलली, तरी तेच. एक जण म्हणाला, मीटर खराब आहे. दुसरा मीटर आणला, त्याच डब्यातला, त्याच कंपनीचा. त्यानंही तीन दाखवले. फोन खिशात गेले होते, हे मी मुद्दाम नोंदवतो.

सरांनी उत्तर सांगितलं नाही, हे त्यांचं मोठेपण. त्यांनी एवढंच विचारलं, ‘‘मीटर लावल्यावर सर्किटमध्ये किती गोष्टी आहेत?’’ बराच वेळ गेला. मग लिहिणाऱ्या मुलीनंच विचारलं, ‘‘मीटरच्या आतूनही करंट जातो का?’’

जातो. त्या पिवळ्या मीटरचा डीसी व्होल्टच्या रेंजवरचा आतला रोध साधारण एक मेगाओहम असतो. रेझिस्टरही एक मेगाओहमचा. मीटर पंगतीला बसला, की पानावरचं निम्मं तोच उचलतो. दोन्ही मिळून रोध उरतो अर्धा मेगाओहम. आता वरचा एक, खालचा अर्धा, नऊ व्होल्टचे तीन भाग, त्यातला एक खाली. तीन व्होल्ट. मीटरनं बरोबरच दाखवलं होतं. तो लावल्यानंतर तिथे खरोखरच तीन व्होल्ट होते. किरचॉफही बरोबर होता, कारण त्या क्षणी वरच्या रेझिस्टरवर सहा व्होल्ट होते, फक्त त्यावर त्या वेळी मीटर नव्हता. मग सरांनी त्यांच्या टेबलावरचा चांगला मीटर आणून लावला, दहा मेगाओहमवाला. त्यावर आले जवळजवळ ४.३ व्होल्ट. हिशेब केला तर ४.२९. साडेचार तरीही नाहीतच.

त्या एका तासात त्या पोरांना समांतर जोडणी, व्होल्टेज डिव्हायडर, आदर्श मीटर आणि खरा मीटर हे सगळं मिळालं. आणि आता गंमत बघा. जर्नलमध्ये हे लिहायला जागा नव्हती. छापील तक्त्यात ‘थिअरॉटिकल’, ‘प्रॅक्टिकल’ असे दोन रकाने आणि खाली ‘रिझल्ट: हेन्स व्हेरिफाइड’. ते छापलेलंच असतं! प्रयोग व्हायच्या आधीच निकाल छापलेला. मुलांनी शेवटी ४.५ आणि ४.४८ असे आकडे लिहिले, सही घेतली आणि गेली. ४.४८ आणायची सूचना एका रिपीटरची. अगदी जुळवलं तर संशय येतो, थोडं कमी लिहावं, हे त्याला अनुभवानं माहीत होतं. एवढी हुशारी आपण पोरांना शिकवतो आहोत.

असंच सुपरपोझिशनचं, म्हणजे दोन सोर्सचा परिणाम एकेकट्याचा काढून बेरीज करायच्या प्रमेयाचं. पुस्तकात लिहिलेलं असतं की एक सोर्स ठेवा आणि दुसरा शॉर्ट करा. मुलगा वाक्याला प्रामाणिक राहतो. चालू सप्लायच्या लाल आणि काळ्या टर्मिनलमध्ये वायर घालतो. डिस्प्लेवरचे व्होल्ट शून्यावर येतात, लाल ‘सीसी’चा (करंट लिमिटला पोचल्याचा) दिवा लागतो आणि मी धावतो. करंट लिमिट असलेला सप्लाय असेल तर निभावतं. मुलाला मी काय सांगतो? सप्लाय बाजूला काढ, आणि सर्किटमध्ये जिथे तो होता तिथे वायर लाव. पण काही मुलं याहून डोकं चालवतात. ती सप्लाय तसाच ठेवून नॉब शून्यावर आणतात. शून्य व्होल्ट म्हणजे शॉर्टच की! कागदावर अगदी खरं. पण लॅबमधले बहुतेक सप्लाय करंट बाहेर देतात, उलट आत घेत नाहीत. दुसऱ्या सोर्सचा करंट तिथे अडतो, शून्यावर ठेवलेल्या टर्मिनलवर व्होल्टेज चढतं आणि रीडिंग हिशेबापासून लांब जातं. आदर्श व्होल्टेज सोर्स आणि टेबलावरची पेटी यांच्यातला फरक या मुलाला सापडलेला असतो. त्याच्या फाइलवर लाल पेनानं ‘रिपीट’ येतं.

बल्बचंही सांगून टाकतो. साठ वॉटचा जुना तारेचा बल्ब, २३० व्होल्टवर चालणारा. हिशेबानं त्याचा रोध येतो ८८२ ओहम. थंड बल्ब मल्टिमीटरवर ठेवला तर त्याच्या दहाव्या हिश्श्यापेक्षाही कमी दाखवतो. पोरं म्हणतात बल्ब गेला. बल्ब ठीक असतो, त्याची तार तापली की रोध कैकपट वाढतो, एवढंच. लॅम्प बँक प्रत्येक लॅबमध्ये आहे, पण त्यातला एक बल्ब काढून त्याचा थंड रोध मोजायला सांगणारं प्रॅक्टिकल मी यादीत पाहिलेलं नाही. एसीच्या भागातही तांब्याच्या चोकचा जुना ट्यूबलाइट टेबलावर ठेवला, की नळीवर शंभराच्या आसपास व्होल्ट येतात, चोकवर दोनशेच्या आसपास. बेरीज तीनशे, आणि पुरवठा २३०. फेझरची आकृती (एसीचे व्होल्ट बाणांनी दाखवून बेरीज करायची) का काढायची हे त्या क्षणी विचारावंसं वाटतं. नुसत्या फळ्यावर ते कुणी विचारत नाही.

आता प्रश्नपत्रिकेकडे वळतो, कारण मुलं यादीपेक्षा तिला जास्त मानतात आणि त्यांचं बरोबरच आहे.

प्रश्नपत्रिकेतले रेझिस्टर कुठल्या गावचे असतात, हे मला कळलेलं नाही. दोन ओहम, चार ओहम, पाच ओहम, आठ ओहम, आणि सोर्स दहा-वीस व्होल्टचा. आकडेमोड सोपी व्हावी म्हणून असणार, ते समजू शकतो. पण एका मुलानं एकदा ट्युटोरियलमधलं गणित हौसेनं ब्रेडबोर्डवर लावलं. दहा व्होल्ट, दोन ओहम. उत्तर पाच अँपिअर, वहीत बरोबर. पाच अँपिअर आणि दहा व्होल्ट म्हणजे पन्नास वॉट. त्याच्या हातातला रेझिस्टर पाव वॉटचा. सप्लायनं त्याच्या लिमिटइतकाच करंट दिला, तरी रेझिस्टर काळा झाला, धूर निघाला, ब्रेडबोर्डची दोन भोकं वितळली. पोरगा माझ्याकडे येऊन म्हणाला, ‘‘काका, रेझिस्टर डिफेक्टिव्ह होता.’’ मी म्हटलं, ‘‘नाही रे बाबा, प्रश्न डिफेक्टिव्ह होता.’’

पुण्यात बुधवार पेठेत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला जाऊन पाच ओहमचा रेझिस्टर मागा. दुकानदार विचारेल, ४.७ देऊ की ५.६? आठचं विचारलंत तर ८.२ देईल. बाजारात येणाऱ्या किमतींची एक ठरलेली माळ आहे: १०, १२, १५, १८, २२, २७, ३३, ३९, ४७, ५६, ६८, ८२, आणि मग याच्याच दसपटी. त्यावर सोनेरी पट्टा असेल तर पाच टक्के इकडे-तिकडे. म्हणजे एक किलोओहम लिहिलेला रेझिस्टर ९५० चाही असू शकतो, १०५० चाही, आणि दोन्ही वेळा तो चोखच असतो. प्रश्नपत्रिकेत या किमती घालायला काय हरकत आहे? परीक्षेत कॅल्क्युलेटर चालतोच की. आणि एक उपप्रश्न असा विचारा: या रेझिस्टरमध्ये किती वॉट जातात, पाव वॉटचा टिकेल का?

अंक खरे घेतले की प्रश्नही खरे होतात. मुंबई परिसरातली निम्मी मुलं लोकलनं येतात. ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटी ते कुर्ला पहिली विजेची गाडी धावली ती १५०० व्होल्ट डीसीवर. पुढे कित्येक दशकं मुंबईची लोकल त्याच व्होल्टेजवर चालली, आणि आता ती २५ हजार व्होल्ट एसीवर चालते. तेवढीच शक्ती नेण्यासाठी करंट किती पटीनं कमी लागतो, आणि त्याच तारेत उष्णतेनं जाणारी वीज किती पटीनं घटते? पहिलं उत्तर साधारण सतरा पट, दुसरं पावणेतीनशेच्या घरात. पॉवर फॅक्टर एक (म्हणजे व्होल्टेज आणि करंट एकाच तालात) धरला तर दोन ओळींचं गणित. दाराशी लटकून येणारा पोरगा ते विसरणार नाही.

थेवेनिनच्या प्रमेयाबद्दल जरा जास्त बोलणार आहे, कारण सगळ्यात मोठं नुकसान तिथे होतं असं माझं मत आहे. लिऑन थेवेनिन हा फ्रान्सच्या पोस्ट-तार खात्यातला इंजिनीअर. खात्यातल्या निरीक्षकांना तो शिकवायचा, आणि त्याचं प्रमेय १८८३ साली छापून आलं. जर्मनीत हेल्महोल्ट्झनं तेच १८५३ मध्ये मांडलं होतं, पण नाव थेवेनिनचं राहिलं. तारखात्यातल्या माणसासमोरची अडचण काय असणार याचा विचार करा. जाळं आधीच पसरलेलं आहे, ते उघडून आतले सगळे रोध मोजता येत नाहीत. दोन टोकं हातात आहेत. त्यांवर नवीन काही जोडलं तर किती करंट जाईल? प्रमेय सांगतं, आत काय आहे ते माहीत नसलं तरी चालेल. बाहेरून मोजा.

आणि आपण काय करतो? आत काय आहे ते सगळं मुलाला चित्रात दाखवतो, आणि मग त्याच्याकडून व्हीटीएच, आरटीएच (टोकांवरचं व्होल्टेज आणि आतला समतुल्य रोध) काढून घेतो. ज्या अडचणीसाठी प्रमेय आलं तीच काढून टाकल्यावर उरते फक्त लांबलचक आकडेमोड. मुलं व्हायवात विचारतात, सर, मेश (एकेका वेटोळ्याचं समीकरण) लावून लगेच उत्तर येतं, मग हे कशाला? प्रश्न रास्त आहे.

म्हणून परीक्षेसाठी माझी सूचना अशी. प्रत्येक जोडीला एक बंद डबा द्या. आत एक बॅटरी आणि तीन-चार रेझिस्टर, बाहेर फक्त दोन टर्मिनल. मुलानं आधी काही न जोडता व्होल्टेज मोजायचं. समजा सहा व्होल्ट आले. मग एक किलोओहमचा रेझिस्टर जोडून पुन्हा मोजायचं. समजा चार आले. म्हणजे आतला समतुल्य रोध पाचशे ओहम. आता मुलानं सांगायचं की २.२ किलोओहमचा जोडला तर किती व्होल्ट येतील. आकडा कागदावर लिहून परीक्षकाला द्यायचा, आणि मग रेझिस्टर जोडून बघायचं. हिशेबानं येतात ४.८९. मीटरवर ४.८ आले तर का, ४.९५ आले तर का, ते सांगायचं. रेझिस्टरचे पाच टक्के, बॅटरी जरा उतरलेली, मीटरची स्वतःची चूक, काय वाटेल ते. पण कारण आणि त्याचा अंदाजे आकडा द्यायचा. पंधरा-वीस मिनिटांत होतं. डबे पंचवीस केले आणि प्रत्येकात किमती वेगळ्या घातल्या, तर कुणाची फाइल कुणाला उपयोगी पडणार नाही. पाठांतरही नाही.

वर्षभराच्या प्रॅक्टिकललाही हाच उपाय आहे. पाच जणांचं टेबल मोडून दोघांच्या जोड्या करा, आणि रोल नंबरप्रमाणे प्रत्येक जोडीला किमती वेगळ्या द्या. फाइल मागून आणायचं कारणच उरणार नाही. तक्त्यात तिसरा रकाना घाला, ‘फरक का’, आणि दहातले पाच गुण त्याला. ‘हेन्स व्हेरिफाइड’ छापणं बंद करा. थोडक्यात हाच सगळा खटाटोप.

एवढा वेळ आणायचा कुठून, असं तुम्ही म्हणाल. एआयसीटीईच्या (अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या) २०१८ च्या नमुना अभ्यासक्रमात या विषयाला बेचाळीस तास आहेत. त्यातले डीसी सर्किटला आठ, एसी सर्किटला आठ. उरलेले सव्वीस ट्रान्सफॉर्मर, मशीन, पॉवर कन्व्हर्टर आणि वायरिंग-बॅटरी यांच्यात वाटलेले. ज्या मुलाला अजून मीटर समांतर लावायचा की एकसर, याची खात्री नाही, त्याच्यापुढे आठ तासांत इंडक्शन मोटर, डीसी मोटर आणि सिंक्रोनस जनरेटर उलगडायचे. इलेक्ट्रिकलचा मुलगा ते सगळं दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी पुन्हा नीट शिकतो. सिव्हिल आणि कॉम्प्युटरच्या मुलाला त्यातलं काय आठवतं, हे मी बोलून दाखवत नाही. तुम्ही सर्वांनी एक्स्टर्नल म्हणून ओरल घेतल्या आहेत. मशीनमधले सहा तास काढा आणि सर्किटला द्या. कन्व्हर्टर तर पूर्णच पुढच्या वर्षी ढकला. यावर सदस्यांत दुमत होणार हे मला माहीत आहे. मोटर न बघता इंजिनीअर कसा होणार, असंही कुणी म्हणेल. मोटर बघू देत ना, लॅबमध्ये आहेच, चालू करून दाखवायला मी आहे. पण तिच्यावर दहा मार्कांचा प्रश्न नको.

सिम्युलेटरचा मुद्दाही निघेल, कारण कोविडपासून तो प्रत्येक बैठकीत निघतो. मी सिम्युलेटरच्या विरोधात नाही. २०१२ च्या मार्चमध्ये एमआयटीनं आपला सर्किटचा पहिला कोर्स ऑनलाइन खुला केला. शिकवणाऱ्यांत पुढे होते अनंत अगरवाल, आपल्याच आयआयटी मद्रासचे. दीड लाखाच्या वर लोकांनी नावं नोंदवली आणि सात हजारांच्या आसपास पास झाले. लॅब पडद्यावरच होती, कारण जगभरच्या दीड लाख लोकांना टेबल देणार कोण? त्यांचा नाइलाज होता. आपल्याकडे टेबल आहे, सप्लाय आहे, मीटर आहे, आणि तरी आपण सिम्युलेटरची प्रिंट फाइलला लावतो! पडद्यावरच्या ब्रेडबोर्डचा क्लिप सैल होत नाही. लांब ब्रेडबोर्डवर कडेची लाल रेघ कधी कधी मध्येच तुटलेली असते आणि तिथून पुढे सप्लाय पोचतच नाही, हे तिथे कळत नाही. रेझिस्टरचे दोन्ही पाय एकाच ओळीत खोचले की तो शॉर्ट होतो, हेही नाही. मुलांचा निम्मा वेळ या तीन गोष्टींत जातो, आणि तो वाया गेला असं मला वाटत नाही.

पैशाचं म्हणाल तर छापील पॅनेलची एक-दोन किट कमी घेतली की त्याच पैशात एका बॅचपुरते साधे मीटर, ब्रेडबोर्ड आणि रेझिस्टरची पाकिटं येतात. सगळं बारा व्होल्टच्या आत ठेवा, म्हणजे मुलांना बिनधास्त हात लावता येईल आणि माझाही जीव टांगणीला लागणार नाही. मीटर फुकतील. करंटच्या सॉकेटमध्ये प्रोब ठेवून कुणीतरी बॅटरीचे व्होल्ट मोजणारच, दर बॅचला एक तरी असतो. म्हणून फ्यूजचं पाकीट डेड स्टॉकमध्ये (कायमच्या सामानाच्या नोंदवहीत) नाही, खपाच्या वस्तूंत नोंदवायची मुभा द्या. ऐकायला क्षुल्लक वाटेल, पण लॅबचा मीटर मुलांच्या हातात न देता कपाटात राहतो तो याच नोंदीच्या भीतीनं. फुटला तर कुणाच्या नावावर, हा प्रश्न आधी सुटला पाहिजे.

शिक्षकांबद्दल एकच सांगतो. तासिका तत्त्वावर आलेले तरुण सर-मॅडम दिवसाला दोन बॅच घेतात, आणि मधल्या वेळात एनबीए या मानांकन संस्थेसाठी सीओ-पीओचे (विषयातून काय साध्य झालं त्याचे) तक्ते भरतात. पंचवीस फायलींमधल्या ‘फरक का’च्या पंचवीस वेगवेगळ्या ओळी वाचणं हे जुळलेल्या उत्तरावर टिक करण्यापेक्षा वेळखाऊ काम आहे. तो वेळ वर्कलोडमध्ये धरल्याशिवाय हे होणार नाही, आणि तो धरायचा अधिकार आमच्या कॉलेजला नाही, तुमच्या कागदाला आहे. बॅच वीसची ठेवायची की तीसची, हेही तिथेच ठरतं.

किरचॉफनं आपले दोन नियम, व्होल्टेजचा आणि करंटचा, मांडले तेव्हा १८४५ साल होतं. तो एकवीस वर्षांचा होता, कोनिग्सबर्गला विद्यार्थी होता. आपली मुलं अठरा-एकोणीसची. तीन अधिक तीन नऊ का होत नाहीत, यावर ती तासभर भांडू शकतात, हे मी पाहिलं आहे.

बंद डब्यांचा आराखडा माझ्याकडे तयार आहे. पंचवीस डब्यांच्या आतल्या किमती, प्रत्येकाचं अपेक्षित उत्तर, पाच टक्क्यांनी ते कुठवर सरकू शकतं, सगळं एका तक्त्यात आहे. मंडळानं मागितला तर पाठवतो, एका बॅचवर करूनही दाखवतो. डबा साधा प्लॅस्टिकचा, स्विचबोर्डसाठी मिळतो तसला चालतो. स्क्रू मात्र खालच्या बाजूनं लावा आणि त्यांच्यावर लाखेचा ठिपका ठेवा. वरून लावले तर पहिलीच बॅच तो उघडून बघणार.

कळावे,

आपला,
बेसिक इलेक्ट्रिकल लॅबमधला एक सहायक